धरलेलं टोक

"सोडा," मास्तर म्हणाले. "बाई, आता हळूच सोडा." आणि माझे हात ऐकेनात.

प्लायचा एक लांब तुकडा सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवा ठेवला होता. कापल्यावर राहणारी बाजू दोन लोखंडी शिकंज्यांनी घोडीला घट्ट आवळलेली, आणि माझ्याकडचं टोक घोडीच्या बाहेर हातभर लोंबतं. मास्तरांनी गोल पात्याच्या मशीनने तो तुकडा घोडीच्या लगेच बाहेर निम्म्यापर्यंत कापला होता. मग विजेची पिन काढून मशीन बाजूला ठेवलं आणि कापलेल्या चिरेत आपली पोलादी पट्टी उभी खोचली. "हे पातं आहे असं समजा," म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही मदतीला उभ्या आहात. तुकडा पडून खराब होऊ नये म्हणून टोक जरा वर उचला." मी उचललं. "आता ओढा," त्यांनी फोरमनला सांगितलं. फोरमनने पट्टी ओढली. निघेना. त्याने पाय रोवून ओढली, तरी निघेना. समोर खुर्च्यांवर बसलेले सुतार, फिटर, पॉलिशवाले हसायला लागले. मग मास्तर मला सोडा म्हणाले आणि मी सोडलं नाही. माझी बोटं काठावर पांढरी पडलेली मला दिसत होती, मनगटं भरून आली होती, आणि तरी ती बोटं जणू दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात. मागून कुणीतरी ओरडलं, "शिकंजाबाई आहेत त्या मास्तर, उलटे आटे फिरवल्याशिवाय सुटायच्या नाहीत!" पुन्हा सगळे हसले, मीही हसले असणार, कारण हसताना हात सैल झाले, टोक खाली गेलं, चीर उघडली आणि पट्टी फोरमनच्या बुटाजवळ खण्णकन पडली.

शिकंजाबाई हे माझं कारखान्यातलं नाव. स्टोअरची खिडकी माझ्याकडे आहे. कुणीही मशीन मागायला आला की मी मशीनबरोबर दोन शिकंजे त्याच्या हातात देते. "नकोत बाई, दोन मिनिटांचं काम आहे," म्हणणाऱ्याला मशीनही मिळत नाही. अकरा वर्षं हेच चाललंय. कुणी चिडतं, कुणी पाठीमागे माझी नक्कल करतं, पण शिकंजे नेतात. मी काही मशीन चालवत नाही, तेव्हा बाहेरून आलेल्या मास्तरांच्या त्या शिकवणीला बसायची मला गरजही नव्हती. एक माणूस कमी पडत होता म्हणून मॅनेजर म्हणाले, बाई, तुम्हीच बसा मागे. मागे बसले होते, तर मास्तरांनी मलाच पुढे बोलावलं.

"बघितलंत?" मास्तर सांगत होते. बारीक आवाजाचा माणूस, शाळेत भूगोल शिकवावा तसा सावकाश बोलायचा. "मदतीला आलेल्या माणसाने चांगल्या मनाने टोक उचललं आणि चीर मिटली. चालू पातं असं चिमटलं की पुढे जायला जागा नाही. मग ते उसळतं आणि मागे येतं, कापणाऱ्याच्या अंगावर. लोकांना वाटतं धरणाऱ्याने सोडलं म्हणून अपघात झाला. अशा जागी बहुतेक वेळा उलट असतं. त्याने धरलेलं असतं. म्हणून राहणारा भाग आवळायचा. पडणारा पडू द्यायचा. मोठी शीट असेल तर खाली चार लाकडी पट्ट्या मांडा, दोन चिरेच्या इकडे, दोन तिकडे, म्हणजे दोन्ही भाग आपापल्या जागी बसून राहतील. पण शिकंज्याच्या जागी माणूस उभा करू नका." पुढचं मी ऐकलं नाही. मी जागेवर येऊन बसले आणि हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. शेजारच्या पॉलिशवाल्याने विचारलं, "लागलं का काही?" मी म्हटलं, नाही. लागलेलं नव्हतंच.

सव्वीस वर्षांपूर्वी मी एक टोक सोडलं होतं. हे मला माझ्या नावासारखं ठाऊक होतं. खाली बाबांचं सुतारकामाचं दुकान, वर आम्ही. बाबा गेल्यावर दुकान बंद होणार असं सगळे धरून चालले होते, तर ताईने वर्ष सरायच्या आत शटर वर केलं. बाई सुतार म्हणून लोक आधी गंमत बघायला आले, मग काम घेऊन यायला लागले. ताईचा हात साफ होता. रंधा मारताना ती जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरायची आणि भुसा तिच्या भुवयांवर बसायचा. मी एकवीस वर्षांची, कॉलेज संपवून घरी बसलेली, तिच्या हाताखाली हे दे ते दे करणारी. त्या दुपारी कपाटाचं दार कापायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माल न्यायला माणूस येणार होता. दुकानात मोठे शिकंजे दोनच, आणि दोन्ही सरस लावलेल्या खणांना आवळलेले, संध्याकाळपर्यंत हलवायचे नाहीत. ताई क्षणभर त्या खणांकडे बघत राहिली होती, तेवढं मला पक्कं आठवतं. मग म्हणाली, "तू धर." शीट दोन घोड्यांवर टाकली. तिने डावा हात शीटवर दाबून ठेवला, उजव्यात मशीन. मी पलीकडचं टोक धरलं. आवाज सुरू झाला, जळक्या लाकडाचा वास आला, आणि मग मी सोडलं. माझी बोटं उघडताना मला दिसतात. आधी करंगळ्या, मग बाकीची. सव्वीस वर्षं मी ती बोटं उघडताना पाहिली आहेत, भांडी घासताना, बसमध्ये दांडा धरून उभी असताना, डोळा लागता लागता. मशीन उसळलं आणि ताईच्या डाव्या हातावरून गेलं. अंगठा गेला, शेजारचं बोट अर्धं गेलं. आई किंकाळी ऐकून जिन्यावरून धावत आली, तिने मला बघितलं आणि म्हणाली, "सोडलंस? सोडलंस ना गं तू?" मी म्हटलं, "हो."

आता हा बारीक आवाजाचा माणूस म्हणत होता की सोडल्याने पातं चिमटत नाही. टोक खाली गेलं की चीर उघडते. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, पट्टी पडली होती. मग माझी ती बोटं? ती कधी उघडली? का उघडलीच नव्हती, आणि मी इतकी वर्षं बघत होते ते काय होतं? घरी जाताना मी दोन स्टॉप आधीच उतरले आणि चुकीच्या गल्लीत बरीच पुढे गेले. तिथे एक बाई दारात बसून चादर झटकत होती, तिने विचारलं, कुणाकडे? मी तशीच माघारी फिरले.

घरी जुन्या बुटांच्या खोक्याचं झाकण घेतलं, सुरीने निम्म्यापर्यंत चिरलं, एक बाजू डब्याखाली दाबली आणि चिरेत बसचं तिकीट खोचलं. टोक उचललं. तिकीट अडकलं. सोडलं. तिकीट मोकळं. पुन्हा उचललं. नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला होता.

"काय चाललंय?"

"बघ ना. हे धर. वर उचल."

त्याने उचललं. "बरं. मग?"

"आता सोड."

त्याने सोडलं. "कारखान्यात आता हे शिकवतात? आम्ही असले खेळ लहानपणी फुकट खेळलो."

मी त्याला सांगितलं. तो टेबलाशी बसला. माझा नवरा पोस्टात आहे, शांत माणूस, कुठल्याही गोष्टीवर आधी बारीकसा विनोद करून मग विचार करणारा. दोनदा त्याची बदली समुद्राकाठच्या गावाला झाली होती, बढतीची, क्वार्टर्ससकट. दोन्ही वेळा मी म्हटलं होतं, ताईला टाकून मी कशी जाऊ, आणि दोन्ही वेळा त्याने बदली रद्द करून घेतली. दुसऱ्या वेळी साहेब त्याला म्हणाला होता, तुम्हाला पाण्याची भीती आहे का हो. हे तो लोकांना हसत हसत सांगतो. आता तो खोक्याच्या झाकणाकडे बघत म्हणाला, "म्हणजे आपण उगाच..." आणि थांबला. उठून त्याने ते तिकीट चिरेतून काढलं आणि नीट चौकोनी घडी करून खिशात ठेवलं, उद्या लागणार असल्यासारखं.

गुरुवारी खिडकीवर एक फिटर आला. मशीन हवं होतं. मी मशीन आणि दोन शिकंजे पुढे सरकवले. तो म्हणाला, "शिकंजे राहू द्या बाई, माझा जोडीदार आहे ना, तो टोक धरेल." असं तर लोक नेहमीच म्हणतात, आणि मी नेहमी म्हणते, माणसाचा हात सुटतो, लोखंडाचा सुटत नाही. तेच तोंडात आलं आणि तिथेच अडकलं. माणसाचा हात सुटतो. अकरा वर्षं मी ज्याला त्याला हेच सांगत होते, आणि ते माझ्यावरूनच सांगत होते. "बाई?" फिटर म्हणाला. मी म्हटलं, "शिकंजे घेऊन जा. आणि जोडीदाराला म्हणावं, लांब उभा राहा, हात खिशात घाल." तो हसला, "खिशात?" "हो, खिशात." माझा आवाज चढला असावा, कारण तो मुकाट्याने सगळं उचलून गेला. नंतर बराच वेळ मला वाटत राहिलं की मी चूक सांगितलं. मग वाटलं, बरोबर तर सांगितलं. मग कळेनासंच झालं की मला राग कुणाचा आलाय. मास्तरांचा? ते आधी का आले नाहीत? का आलेच? आईचा? आई जाऊन नऊ वर्षं झाली, मेलेल्या माणसाशी भांडायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. आणि मी हो का म्हटलं? कुणी माझ्या तोंडात कोंबलं नव्हतं. आईने विचारलं आणि मी हो म्हटलं, जसं दारात आलेल्याने पाणी मागितलं की आपण हो म्हणतो.

रविवारी मी ताईकडे गेले. सव्वीस वर्षांत आजारपणं आणि माझं बाळंतपण सोडलं तर एक रविवार चुकला नाही. ताई एका खोलीत राहते, वरच्या मजल्यावर, खिडकीशी मोठं कलतं टेबल. दुकान तेव्हाच बंद झालं, आता ती दुसऱ्या सुतारांना कपाटांचे, स्वयंपाकघराच्या ओट्यांचे नकाशे काढून देते. डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी ती मोजपट्टी अशी दाबून धरते की कागद हलत नाही. मी गेले की आठवड्याची भाजी चिरून डब्यांत भरते, चादरी बदलते, आणि शेवटी तिच्या उजव्या हाताची नखं कापते, कारण डाव्याने नेलकटर दाबता येत नाही. बाकी बोलणं फार होत नाही. नखांची वेळ आली. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता, पेन्सिलीने तर्जनी काळी झालेली.

"ताई, त्या दिवशी मी सोडलं नव्हतं," मी म्हटलं.

तिने हात काढून घेतला नाही. "हं," म्हणाली.

"मी उचललं होतं."

"मी सांगितलं म्हणून उचललंस."

नेलकटर माझ्या हातात तसंच राहिलं. "तू सांगितलंस?"

"उचल, खाली जाऊ देऊ नकोस, कड तुटेल. माझ्याच तोंडचे शब्द. वरचा थर नवा, महागाचा होता. कड तुटली असती तर अख्खं दार फुकट." ती खिडकीकडे बघत होती. "तू उचललंस. चांगलं दोन्ही हातांनी, जीव लावून. सोडलं असतंस तर बरं झालं असतं."

"पण मला आठवतं ताई. माझी बोटं उघडली होती."

"उघडली असतील. माझ्याकडे धावलीस तेव्हा. टोक हातात घेऊन धावणार होतीस काय? आई आली तेव्हा तुझे हात मोकळे दिसले तिला. तिला काय कळणार चीर नि पातं."

"आणि तुला कळत होतं."

"इस्पितळात तिसऱ्या दिवशी कळलं. छताकडे बघण्याशिवाय दुसरं काम काय होतं? सगळं पुन्हा पुन्हा कापून बघितलं डोक्यात. शिकंजे नव्हते तर काम उद्यावर टाकायचं. बाबा असते तर त्यांनी मुस्काटात दिली असती. चूक सगळी माझी."

"मग बोलली का नाहीस?"

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग ती म्हणाली, "आधी दुखत होतं. मग लाज वाटायची. लोक म्हणायचे, बहिणीने सोडलं म्हणून, नाहीतर पोरीचा हात किती पक्का. ते ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. मग आज सांगू, उद्या सांगू करत राहिलं. एकदा राहिलेली गोष्ट मग कुठून सुरू करायची तेच सापडत नाही गं." तिने माझ्याकडे बघितलं. "आणि तू यायचीस."

"म्हणजे?"

"तू यायचीस. दर रविवारी. मला वाटलं, सांगितलं तर यायची नाहीस."

"तशी आले नसते का मी?"

"मला काय माहीत," ताई म्हणाली. "तुला तरी माहितीये?"

मी तिची उरलेली दोन नखं कापली. काम अर्धं टाकायची मला सवय नाही. मग पिशवी उचलली आणि खाली उतरले. बसथांब्यावर उभी राहिले. बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. मला हलकं वाटायला हवं होतं. मोठ्या आरोपातून सुटलेल्या माणसाला कसं वाटतं कोण जाणे, पण माझ्या आतून कुणीतरी घरातलं सामान काढून नेल्यासारखं झालं होतं, भिंतीवर नुसते डाग राहावेत तसं. त्या समुद्राकाठच्या घराचा मी कधी विचार केला नव्हता, आता थांब्यावर उभ्या उभ्या मला त्याच्या खिडक्या दिसायला लागल्या, न पाहिलेल्या. मग वाटलं, ताईने एकटीने ही गोष्ट पोटात ठेवून सव्वीस वर्षं माझ्याकडून नखं कापून घेतली, तिला दर वेळी काय वाटत असेल? दया येतेय असं वाटलं आणि लगेच तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही एकदमच आलं. कुठलं आधीचं हे ठरवता येईना. तिसऱ्या बसच्या कंडक्टरने विचारलं, "येताय की नुसत्याच उभ्या आहात?" तेव्हा मी चढले.

पुढचा रविवार उजाडला. मी उठले, चहा केला, आणि मग पुढे काय करायचं ते मला आठवेना. म्हणजे आठवत होतं, पण ते करायला हवं असं कुणी आतून म्हणत नव्हतं. नेहमी साडेनऊला मी घराबाहेर पडते. साडेनऊ वाजले. नवऱ्याने वर्तमानपत्राच्या आडून विचारलं, "जाणार नाहीस?" मी म्हटलं, "माहीत नाही." तो म्हणाला, "बरं," आणि पान उलटलं. थोड्या वेळाने तेच पान पुन्हा मागे उलटलं. मी कपाट आवरायला घेतलं, अर्ध्यात सोडलं. काम अर्ध्यात सोडलं म्हणून स्वतःचंच नवल वाटलं. साडेदहा. मी पिशवी भरली, रिकामी केली. तिची चिरलेली भाजी काल संपली असणार. तिला शेजारीण चिरून देईल. नाही देणार, ताई सांगणारच नाही तिला. मग राहू दे उपाशी. मग लगेच, अगं, असं काय म्हणतेस. अशी मी स्वतःशीच दोन बाजूंनी बोलत पलंगाच्या कडेवर बसले होते आणि साडेअकराच्या सुमाराला दार वाजलं.

नवऱ्याने उघडलं आणि तो बाजूला झाला. दारात ताई उभी होती. आमच्या लग्नानंतर ती या घरात दोनदा आली असेल, तीही मी हाताला धरून आणली म्हणून. तीन जिने चढून आली होती, घामाघूम, कपाळाला केस चिकटलेले, श्वास पुरत नव्हता. काखेत एक कोबी धरलेला, पिशवीबिशवी काही नाही, नुसता कोबी.

"म्हटलं आज आपणच जावं," ती म्हणाली.

नवऱ्याने तिच्याकडून कोबी घेतला आणि दोन्ही हातांत धरून उभा राहिला, जणू कुणाचं मूल दिलंय सांभाळायला. ताई चपला काढायला वाकली. बंदाच्या चपला होत्या, घोट्याशी बारीक बक्कल. मी नकळत पुढे होऊन खाली बसले, माझा हात बक्कलापर्यंत गेलाच होता.

"राहू दे," ताई म्हणाली. "मला येतं."

मी उठून उभी राहिले. तिने एक खांदा भिंतीला टेकवला, पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेतला आणि डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी बंद दाबून उजव्याने ओढायला लागली. बंद निसटला. तिने पुन्हा दाबला. पुन्हा निसटला. जीभ तिने ओठाच्या कोपऱ्यात घट्ट धरली होती. माझे हात कुठे ठेवावेत मला कळेना. पदराला पुसले, मागे घेतले, पुन्हा पुढे आणले. ती मान वर न करता म्हणाली, "बघत काय उभी राहिलीस? चहा टाक जा."

मी गेले नाही. पहिलं बक्कल सुटलं, मग तिने पाय बदलला, आणि दुसरं सुटेपर्यंत मी तिथेच उभी होते.